रानकबुतरांची राखण : इंग्लंडच्या शेतात बंदूक घेऊन बसण्यापूर्वी आणि बसल्यावर

लहानपणी ज्वारी हुरड्यात आली की शाळा सुटल्यावर आम्हाला माळ्यावर पाठवत. हातात गोफण, कमरेला खड्यांची पिशवी, आणि अंधार पडेपर्यंत ‘हाऽ हाऽ’ करत पाखरं उडवायची. त्याला आम्ही राखण म्हणायचो. पुढे नोकरीसाठी लिंकनशरमध्ये आलो. इथल्या सपाट शेतांत फेब्रुवारीत रेपसीडच्या (मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक) कोवळ्या पानांवर चारशे-पाचशे करडी कबुतरं एकदम उतरलेली पाहिली, तेव्हा पहिला शब्द तोच आठवला. इथे राखणीला गोफण पुरत नाही, छर्ऱ्यांची बारा बोअरची बंदूक लागते (बोअर म्हणजे नळीचं माप). पण काम तेच आहे. इथला कायदाही ते काम राखण म्हणूनच बघतो, आणि ही गोष्ट नीट समजली की पुढचं सगळं आपोआप जागेवर बसतं.

आधी एक स्पष्ट सांगतो. हा लेख इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी माणसांसाठी आहे. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातली १९९१ ची दुरुस्ती यांमुळे हौसेखातर शिकार पूर्ण बंद आहे, आणि ती बंद आहे हे चांगलंच आहे. इथे वाचून गावाकडच्या पारव्यावर किंवा होल्यावर कोणी बंदूक रोखू नये. ज्यांना उडत्या लक्ष्यावरचा नेम शिकायचा आहे, त्यांच्यासाठी भारतात हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडायचे ट्रॅप आणि स्कीट हे खेळ आहेत. दिल्लीच्या तुघलकाबादमधलं डॉ. कर्णी सिंग नेमबाजी संकुल त्यासाठीच आहे. बिकानेरच्या याच कर्णी सिंगांनी १९६२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्य मिळवलं होतं. खाली नेमाबद्दल जे सांगितलंय ते मातीच्या तबकडीलाही जसंच्या तसं लागू आहे.

कागद आधी, काडतूस नंतर

इंग्लंडमध्ये सगळे वन्य पक्षी १९८१ च्या वाइल्डलाइफ अँड कंट्रीसाइड कायद्याने संरक्षित आहेत. वुडपिजन, म्हणजे पिकावर उतरणारं हे करडं रानकबूतर, मारता येतो तो ‘जनरल लायसन्स’खाली, म्हणजे सगळ्यांसाठी असलेल्या सरकारी परवान्याखाली. पिकाचं गंभीर नुकसान रोखण्यासाठीच्या लायसन्सचं नाव जीएल-४२. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण ते वाचलेलं असणं आणि त्यातल्या अटी पाळणं बंधनकारक आहे. ‘मजा म्हणून गेलो होतो’ हे कारण त्यात बसत नाही. बुजगावणी, नुसता धडाका करणारी गॅसची बंदूक, पतंग असले न मारता हुसकावण्याचे उपायही वापरात असावे लागतात. २०१९ च्या एप्रिलमध्ये जुनी लायसन्सं एकाएकी मागे घेतली गेली तेव्हा सगळेच गोंधळले होते. तेव्हापासून मी हंगामाच्या सुरुवातीला सरकारी संकेतस्थळावरची ताजी प्रत छापून गाडीत ठेवतो. स्कॉटलंड आणि वेल्सची लायसन्सं वेगळी आहेत.

बंदुकीसाठी पोलिसांकडून शॉटगन सर्टिफिकेट घ्यावं लागतं. ते ५ वर्षं चालतं, डॉक्टरांकडून तुमची वैद्यकीय माहिती मागवली जाते, आणि बंदूक घरात लोखंडी कपाटात कुलूपबंद आहे हे पोलीस स्वतः येऊन बघतात. विमा हवाच. शेतमालकाची परवानगी लेखी घ्या, आणि हद्दी त्याच्यासोबत चालून बघा. नकाशावरची हद्द आणि बांधावरची हद्द यात फरक निघतो. पायवाट कुठून जाते, मेंढ्या कुठे आहेत, शेजारच्या घरात म्हातारी माणसं आहेत का, हे त्याच वेळी विचारून घ्या.

कोणतं कबूतर, कोणतं नाही

मोठ्या वुडपिजनच्या मानेवर दोन्ही बाजूंना पांढरा डाग असतो, आणि पंख उघडले की आडवे पांढरे पट्टे दुरूनही चमकतात. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, आपल्या पारव्यापेक्षा चांगलंच भारी. त्याच थव्यात स्टॉक डव्ह मिसळलेला असतो. तो लहान, निळसर करडा, मानेवर किंवा पंखावर पांढरं काहीच नाही, आणि पंखांची फडफड जास्त झपझप. तो संरक्षित आहे. पिल्लू वुडपिजनच्या मानेवर डाग नसतो, पण पंखावरचा पट्टा असतो, म्हणून मानेपेक्षा पंख बघायची सवय लावा. शर्यतीची पाळीव कबुतरं सरळ रेषेत, वेगाने, न थबकता जातात. ती कोणाच्या तरी घरची असतात. शंका आली की बंदूक खाली.

टेहळणी : अर्धं काम इथेच

नवशिका माणूस शनिवारी सकाळी डिकॉय, म्हणजे पक्ष्यांना भुलवणारी नकली कबुतरं, घेऊन ‘चांगलं दिसतंय’ अशा शेतात जाऊन बसतो आणि चार तासांत दोन बार काढून परत येतो. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. मग दुसऱ्या महायुद्धानंतर हॅम्पशरमध्ये पूर्ण वेळ हेच काम करणाऱ्या मेजर आर्ची कोट्स यांच्याबद्दल कळलं. शेतकरी त्यांना पीक राखायला बोलवत. बसण्याआधी ते किती वेळ नुसतं बघण्यात घालवत हे ऐकल्यावर माझी पद्धत बदलली.

आता मी आदल्या दिवशी, ज्या वेळेला बसायचं आहे साधारण त्याच वेळेला जातो. गाडी लांब लावून दुर्बिणीतून किमान तासभर बघतो. बघायचं ते तीन गोष्टींसाठी. एक, कबुतरं शेताच्या नेमक्या कोणत्या तुकड्यावर उतरतात. चाळीस एकरांच्या शेतात ती बहुतेक वेळा एखाद्या एकरावरच बसतात, जिथे पीक विरळ आहे, लोळलंय किंवा पेरणीच्या वेळी यंत्रातून दाणे सांडलेत. दोन, ती कुठून येतात. झाडीचा एखादा कोपरा, एखादा ओढा, विजेच्या तारांची रांग, यांना धरून त्यांची ठरलेली वाट असते. पक्ष्यांमागून पक्षी त्याच वाटेने येतो. तीन, उठवलं तर परत येतात का, आणि किती वेळात. मुद्दाम एकदा चालत जाऊन थवा उठवतो. दहा-पंधरा मिनिटांत दोन-दोन, तीन-तीन करून परतायला लागली तर त्या शेतात दम आहे. सगळा थवा उठून क्षितिजापार गेला तर दुसऱ्या दिवशी बसून उपयोग नाही.

हंगामाचा अंदाजही ठेवावा लागतो. जानेवारी ते मार्च दुसरं काही खायला नसतं, तेव्हा रेपसीड. मार्च-एप्रिलमध्ये नुकत्याच पेरलेल्या वाटाण्यावर. जून-जुलैमध्ये वादळाने आडव्या पडलेल्या गहू-बार्लीवर. ऑगस्टपासून कापणी झालेल्या रानातल्या धसकटांमध्ये सांडलेल्या दाण्यांवर. शरद ऋतूत ओक आणि बीचची फळं गळू लागली की शेतं ओस पडतात आणि पक्षी झाडीत जातात.

बंदूक आणि छर्रे, थोडक्यात

बारा किंवा वीस बोअरची, तुमच्या अंगाला बसणारी दुनळी पुरे. चोक, म्हणजे नळीच्या तोंडाकडचा अरुंदपणा, सैल ठेवा, पाव ते अर्धा. कबूतर २५-३० पावलांवर मारायचं असतं, तिथे घट्ट चोक म्हणजे छोटं वर्तुळ आणि जास्त चुका. शिशाच्या २८ ते ३० ग्रॅमच्या सहा नंबरी काडतुसावर लोक वर्षानुवर्षं समाधानी आहेत. अशा २८ ग्रॅममध्ये साधारण २७० छर्रे असतात. पण शिसं आता जाणार आहे. २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने शिशाचे छर्रे टप्प्याटप्प्याने बंद करायचं जाहीर केलंय. म्हणून स्टीलची सवय आत्ताच लावा. स्टील हलकं असतं, त्यामुळे दोन नंबर मोठा छर्रा घ्यायचा, सहाऐवजी चार (नंबर जितका लहान तितका छर्रा मोठा). जुनी बंदूक असेल तर आधी बंदूकसाजाकडून तपासून घ्या, घट्ट चोकमधून स्टील काढू नका. आणि कानाला संरक्षण प्रत्येक वेळी. बारा बोअरचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. माझ्या डाव्या कानात आज जी बारीक शिटी वाजते ती पहिल्या वर्षीच्या आळसाची देणगी आहे.

नेम : घरात, भिंतीसमोर

उडत्या पक्ष्यावरचा नेम रायफलच्या नेमासारखा नसतो. रायफलवाला नळीच्या टोकावरची माशी (नेम धरायची खूण) बघतो, श्वास रोखतो, चाप हळू दाबतो. शॉटगनवाल्याने माशीकडे बघितलं की त्याची बंदूक थांबते, आणि छर्रे पक्ष्याच्या मागून जातात. बहुतेक सगळ्या चुका मागेच होतात.

सुरुवात डोळ्यापासून करा. दोन्ही डोळे उघडे ठेवून लांबच्या एखाद्या खांबावर बोट रोखा आणि डावा डोळा मिटा. बोट खांबावरच राहिलं तर उजवा डोळा प्रबळ. बोट बाजूला सरकलं तर डावा. उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असेल तर तो कितीही सराव करो, छर्रे डावीकडेच जाणार. अशा माणसाने चष्म्याच्या डाव्या काचेवर बुबुळासमोर चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावावा किंवा बार काढताना तो डोळा मिटावा. माझ्या एका मित्राने तीन वर्षं बंदुकीला दोष दिला. दोष निघाला डोळ्यात, आणि चिकटपट्टीचा तुकडा लावल्यावर त्याच दुपारी त्याच्या तबकड्या फुटू लागल्या.

मग बंदूक खांद्याला लावणं. बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. नळीच्या तोंडात बसेल एवढी छोटी टॉर्च घाला आणि भिंत जिथे छताला मिळते त्या रेषेसमोर उभे राहा. बंदूक खाली धरून सुरुवात करायची, पुढचा हात त्या रेषेवरून उजेडाचा ठिपका सरकवत नेतो, आणि सरकता सरकताच दस्ता आधी गालाला आणि मग खांद्याला लागतो. गाल खाली नेऊन दस्त्याला टेकवायचा नाही, दस्ता गालापर्यंत वर आणायचा. ठिपका रेषेवरून घसरला, वर उडी मारली किंवा दस्ता गालाला लागताना थबकला, तर पुन्हा. रोज दहा मिनिटं, महिनाभर. हे कंटाळवाणं आहे हे मान्य, पण मैदानावर दोनशे काडतुसं उडवून जे जमत नाही ते या ठिपक्याने मला शिकवलं.

पायांकडे लोक लक्षच देत नाहीत. पक्षी जिथे पहिल्यांदा दिसतो तिकडे पाय करून उभे राहिलात तर बार काढायच्या वेळी कंबर आखडते आणि बंदूक थांबते. पुढचा पाय तिकडे, जिथे पक्षी पडावा असं वाटतं. पर्सी स्टॅनबरी हे जुने शिक्षक वजन कायम पुढच्या पायावर ठेवायला सांगत. लंडनचे बंदूकसाज रॉबर्ट चर्चिल बंदूक ज्या बाजूला फिरते त्या पायावर वजन न्यायला सांगत. दोन्ही करून बघा. आडोशात बसून-उठून मारताना मला स्टॅनबरींची पद्धत जास्त स्थिर वाटते.

पुढे किती?

हिशेब एकदा करून बघा, मग विसरून जा. ताशी ६५ किलोमीटरने जाणारं कबूतर सेकंदाला सुमारे १८ मीटर कापतं. २७ मीटरवर छर्रे पोचायला सेकंदाचा साधारण अकरावा भाग लागतो. तेवढ्यात पक्षी दीड मीटरहून जास्त पुढे गेलेला असतो. म्हणजे चाप ओढताना नळी त्याच्या दीड मीटर पुढे हवी.

पण हवेत दीड मीटर मोजायचा कोणी? म्हणून नवशिक्याला पक्ष्याच्या मागून येऊन त्याला ओलांडणारी पद्धत शिकवतात. नळी शेपटीच्या मागून सुरू करायची, पक्ष्याच्याच वाटेवरून त्याच्यापेक्षा जोरात फिरवायची, आणि मनात म्हणायचं : शेपूट, पोट, चोच, बार. चोच ओलांडताना चाप, आणि बंदूक पुढे फिरतच राहिली पाहिजे. पक्षी जितका वेगात तितकी तुम्हाला बंदूक जोरात फिरवावी लागते, त्यामुळे पुढचं अंतर आपसूक वाढतं. डोळे मात्र फक्त पक्ष्यावर. ‘कबूतर’ असं अख्खं बघू नका, मानेवरचा पांढरा डाग बघा. नजर जितकी बारीक ठिकाणी खिळते तितका हात अचूक जातो.

हे सगळं आधी मातीच्या तबकड्यांवर करा. तबकडी ११ सेंटिमीटरची, जखमी होत नाही, आणि एकच उड्डाण वीस वेळा पुन्हा मिळतं. पूर्वी पिंजऱ्यातून जिवंत कबुतरं सोडून मारत. ब्रिटनने ते १९२१ मध्ये कायद्याने बंद केलं. मैदानावर प्रशिक्षकाला सांगा, ‘डावीकडून उजवीकडे आडवा जाणारा, २५ यार्डांवर’, आणि तेवढंच तासभर. पुढच्या वेळी समोरून येणारा. दहा प्रकार एकाच दिवशी केले की एकही हाताशी राहत नाही. साध्या आडव्या तबकडीला दहापैकी सात-आठ फुटेपर्यंत मी नवशिक्याला शेतात नेत नाही. जखमी पक्षी मागे सोडणं हे राखणीचं काम नव्हे.

आडोसा आणि मांडणी

आडोसा उडण्याच्या वाटेजवळ, वारा पाठीमागून किंवा बाजूने येईल असा. पक्षी वाऱ्याकडे तोंड करून उतरतात, म्हणजे तुमच्याकडे येतात. सूर्य शक्यतो पाठीशी ठेवा, तोंडावर ऊन पडलं की जाळीआडूनही चेहरा दिसतो. चार-पाच खांब, त्यावर जाळी, जाळीत त्याच बांधावरचं गवत आणि खाजकुयलीसारखी चावणारी नेटलची झुडपं खोचा, हातमोजे घालून. जाळी बसल्यावर डोळ्यांपर्यंत यावी. आतली जमीन साफ करा, काटक्या काढा, पाय सपाट टेकला पाहिजे.

डिकॉय पंधरा-वीस पुरेत. घोड्याच्या नालाच्या आकारात मांडा, मध्ये मोकळी जागा, आणि ती मोकळी जागा तुमच्यापासून २०-२५ पावलांवर. पक्षी त्या मोकळ्या जागेत उतरायला बघतो. दोन डिकॉयमध्ये दोन-तीन पावलांचं अंतर. बहुतेकांची तोंडं वाऱ्याकडे, पण सगळ्यांची एकाच रेषेत नकोत. चरणारा थवा कधी कवायतीसारखा उभा नसतो. दोन लांब दांड्यांवर कबुतरं गोल फिरवणारं बॅटरीवरचं यंत्र, ‘मॅग्नेट’, लांबची कबुतरं खेचतं, पण एका वेळी दहा-बारा पक्षी येऊन शेवटच्या क्षणी वळायला लागले तर आधी तेच बंद करून बघा. बहुतेक वेळा तेच कारण असतं.

३० पावलांवर एक काठी रोवा. ती तुमची लक्ष्मणरेषा. काठीपलीकडे बार नाही.

बसल्यावर

बंदूक आडोशात बसल्यावरच भरायची, बाहेर पडण्याआधी रिकामी करायची, नळीचं तोंड कायम जाळीबाहेर. मागे आकाश दिसत नसेल तर बार नाही. पायवाट, गुरं, घर असेल त्या दिशेला अजिबात नाही.

पक्षी दिसला की हलू नका. लांबून दिसल्याबरोबर उठणारा माणूस त्याला घाबरवतो. त्याला येऊ द्या, पंख वाकवून तो थबकायला लागेल. तेव्हा बंदूक आणि शरीर एकदमच उठवा. इथे एक गंमत आहे. उतरणारा पक्षी पुढे जात नसतो, खाली येत असतो, म्हणून पुढे मारलं की छर्रे वरून जातात. त्याच्या पायांखाली मारा. बार ऐकून वर उसळणाऱ्याला मात्र नळी त्याच्या डोक्यावर न्यावी लागते. दोन पक्षी एकत्र आले तर लांबचा आधी. जवळचा पळताना अजून काही क्षण टप्प्यात असतो.

ओळीने तीन-चार चुकले तर थांबा. पाणी प्या. बहुतेक वेळा दोनच कारणं असतात : दस्त्यावरून गाल उठतोय, किंवा बार काढताना बंदूक थांबतेय. घरच्या भिंतीवरचा ठिपका आठवा.

पडलेला पक्षी फडफडत असेल तर बाकी सगळं सोडून आधी तो उचला आणि लगेच शांत करा. पिकात पडलेला पक्षी कोणत्या झाडाच्या रेषेत पडला ते मनात पक्कं धरा, कुत्रा सोबत असेल तर उत्तम. मांडणीत मेलेली कबुतरं ठेवायची असतील तर डोकं काडीने उभं करा, पंख मिटवा, विखुरलेली पिसं उचला. पोट वर करून पडलेला एक पक्षी पन्नास पक्ष्यांना परत पाठवतो.

उन्हाळ्यात मारलेले पक्षी प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, जाळीच्या पोत्यात सावलीत टांगा. घरी छातीचे दोन तुकडे काढतो, छर्रे गेलेला भाग कापून टाकतो, आणि सुक्या खोबऱ्याचं भाजलेलं वाटण लावून मंद आचेवर तासभर शिजू देतो. मांस गडद, रानटी चवीचं असतं. बरोबर भाकरी असेल तर दुसरं काही लागत नाही.

साफ करताना गळ्याखालची पिशवी एकदा उघडून बघाच. मागच्या फेब्रुवारीत मी रेपसीडच्या शेतात बसलो होतो, पण अकरापैकी सात पक्ष्यांच्या पिशवीत रेपचं पान कमी आणि आयव्हीची काळी फळं जास्त होती. म्हणजे ती आधी ओढ्याकाठच्या जुन्या झाडीत चरून येत होती. काडतुसांची टरफलं गोळा करून झाल्यावर मी शेतमालकाला किती पक्षी ते सांगितलं आणि ती फळंही दाखवली. दुसऱ्या दिवशी त्याने गॅसची बंदूक ओढ्याच्या कडेला हलवली, आणि मी आडोसा तिथून दोनशे मीटर खाली, त्यांच्या वाटेवर नेला.